डावा माईक

हॉलशी बोलून घ्यायचं ते दुपारी तीनला,
तो रिकामा असताना.
दिवाळे गावातलं समाजमंदिर. वर पत्रा,
खाली गुळगुळीत लादी, खिडक्यांना पडदे नाहीत.
आवाज इथे बसत नाही, नुसता हिंडतो.

तौसीफ पोडियमवर उभा राहून म्हणतो
हॅलो, चेक, एक दोन, एक दोन.
तीन कधीच म्हणत नाही.
अरे, माणसासारखं काहीतरी बोल,
आकडे सगळ्या हॉलांत सारखेच वाजतात.
मग तो बोंबील, मांदेली, निवटी म्हणत सुटतो,
भावासकट.

मी आवाज चढवत नेतो
शिट्टी यावी म्हणूनच.
लोकांसमोर येण्याआधी ती माझ्यासमोर आलेली बरी.
पहिली अडीच हजारावर, सुईसारखी.
ती पट्टी दोन बोटं खाली.
दुसरी आठशेच्या आसपास,
रिकाम्या माठात कुणी फुंकावं तशी. तीही खाली.
तिसरी आली की मात्र थांबायचं.
सगळंच कापत गेलं तर माणूस जातो
आणि नुसता पत्रा उरतो.

स्पीकर पोडियमच्या पुढे, तोंडं लोकांकडे.
माईकला पाठ असते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.
जे ऐकायचं नाही, त्याच्याकडे ती करायची.
पोडियमवर दोन आहेत, बगळ्याच्या मानेचे.
उजवा चालू. डावा शोभेला.
दोन्ही उघडे ठेवले
की जावा-जावांसारखे आपसांत लागतात.

पाचला जनसुनावणी :
जेट्टी, आणि तिच्या शेजारची मोकळी जागा.
साहेब माईकवर टिचकी मारतात,
मग फुंकतात, वाढदिवस असल्यासारखे,
मग नकाशा वाचतात. पाऊण तास. शिट्टी नाही.
माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहत नाही,
आमच्या धंद्यात हीच शाबासकी.

टेबलाच्या टोकाला रेकॉर्डर.
लेखनिक सांगून गेलेत,
इतिवृत्तात येईल ते यातलंच.
त्याची वायर माझ्याच मिक्सरमधून जाते,
हॉलच्या मास्टरच्या आधी फुटून.

मग बारकूबाई कोळी. प्रत्येकी तीन मिनिटं.
चाळीस वर्षं बाजारात ओरडून कमावलेला गळा.
तिने उजव्या माईकची मुंडी धरली
आणि लाकडावर दाबली, कोंबडीची दाबावी तशी.
“यो कनाला? मना तोंड हाय.”
दोन पावलं मागे सरकली, लोकांकडे वळली :
“जाली काय तुमच्या नकाशावं सुकवू?”

शेवटच्या रांगेतलं झोपलेलं पोर उठून बसलं.
हॉलभर ती होती.
फक्त रेकॉर्डरवरच्या हिरव्या काड्या
निपचित.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं,
तळहात हवेत खाली दाबला. बंद कर.
मी मास्टर शून्यावर आणला,
सगळ्यांना दिसेल असा, हात लांबवून.
स्पीकरमधली बारीक सूं गेली.
साहेबांनी मान डोलावली.

मग डावा उघडला.
मुके स्पीकर शिट्टी मारत नाहीत.
चढवत गेलो, दुपारी थांबलो होतो
त्या खुणेच्या कितीतरी पुढे,
पंख्याची घरघर, कुणाचा खोकला,
पत्र्यावरचा कावळा, सगळं आत घेत.
एक काडी हलली. मग चार.
मग बारकूबाई पिवळ्यापर्यंत पोचली.

तिनाची अकरा मिनिटं झाली.
जेट्टी झाली, गाळ झाला,
बंद पडलेलं बर्फाचं यंत्र झालं,
निवटीचा आजचा भावही तिने सांगून टाकला,
तौसीफने दुपारी सांगितला होता
त्याहून चाळीस रुपये जास्त.
वायर गुंडाळता गुंडाळता
त्याने जीभ चावली.